माय, कॅन्सर नाही, कॅन्सल

विम्याच्या कचेरीतला खिडकीपलीकडचा पोरगा चांगला होता, त्याची काही चूक नाही. फॉर्मवर तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारून त्यानं "इथं, इथं अन् इथं मावशींची सही घ्या" असं सांगितलं आणि मान वर न करताच पुढं म्हणाला, "अन् एक कॅन्सल चेक जोडा." माझ्या शेजारी स्टीलच्या खुर्चीत बसलेली माय एकदम ताठ झाली. तिनं माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती. "कामून गं?" ती हळूच म्हणाली, "मला कशाचा कॅन्सर? कशाला चेक करायलेत?" मी आधी हसले. मग तो पोरगा हसला, आणि मागं रांगेत उभा असलेला पटकेवाला म्हाताराही हसला. माय हसली नाही. आमच्या भागात "बार्शीला नेलंय" एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. तिथं कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे. आमच्या गल्लीतून चार वर्षांत तिघांना बार्शीला नेलं. त्यातली एक मायची अगदी जवळची, रोज दुपारी उंबऱ्यात बसून तिच्यासोबत तांदूळ निवडणारी. तेव्हा एक अक्षर इकडचं तिकडं ऐकू येणं ही आमच्या घरी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती, हे मला हसून झाल्यावर कळलं.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विम्याचे पैसे होते. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, ऐन पेरणीच्या दिवसांत गेले. विम्याचा कागद मात्र या उन्हाळ्यात सापडला, पत्र्याच्या पेटीत, मायच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली. रक्कम फार नाही. पण पैसे थेट खात्यावर येणार, म्हणून खातं मायचंच आहे याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा म्हणजे कॅन्सल चेक. त्यासाठी बँकेत अर्ज करून चेकबुक मागवलं. ते पोस्टानं आलं तेव्हा मायनं आधी देवापुढं ठेवलं, हळदी-कुंकवाचं बोट लावलं. बाहत्तराव्या वर्षी तिच्या नावाचं पहिलं चेकबुक. वरच्या कव्हरावर पिवळं बोट अजून आहे.

"सही कुठं करू?" तिनं विचारलं. अण्णा गेल्यापासून सही करायची वेळ इतक्यांदा आली की आता तिला तिची भीती वाटत नाही, उलट थोडी ऐट आली आहे. मी म्हटलं, याच्यावर सही नाही करायची. "बरं, पैसे किती लिव्हायचे?" पैसेही नाही लिहायचे. "नाव?" नावही नाही. माय माझ्याकडं बघत राहिली. "सही नाही, पैसे नाहीत, नाव नाही. मग त्याला चेक कामून म्हणायचं?" मी म्हटलं, "माय, तो चालत नसतो. चालत नाही म्हणूनच लागतो." बोलून गेल्यावर माझं वाक्य माझ्याच कानात घुमत राहिलं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. पंचवीस वर्षं झाली. त्यामुळं पुढची गोष्ट सांगताना लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हा लेख पुढं जाणार नाही. पट्टी नव्हती, म्हणून मायच्या पासबुकाची कड धरून चेकवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि मधे मोठ्या इंग्रजी अक्षरात 'कॅन्सल्ड' हा शब्द लिहिला. लिहून बघितलं तर एल एकच. अमेरिकेत एका एलवर भागतं, इंग्लंडमधे दोन लागतात, आणि आपल्याकडची सगळी कचेरी इंग्लंडच्या वळणाची. मी पोरांच्या वहीत लाल पेननं हीच चूक किती वेळा धरली असेल. मी तो शब्द खोडला आणि खाली दुसऱ्यांदा नीट लिहिला. पोरग्यानं चेक हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि परत सरकवला. "मॅडम, खाडाखोड चालत नाही."

"अहो, पण तो कॅन्सलच तर करायचा आहे."

"हो ना. पण कॅन्सल नीट करा."

हे वाक्य घेऊन मी परत खुर्चीवर बसले. मायनं दुसरा चेक फाडून दिला. फाडताना तिला वाईट वाटलं, कोऱ्या कागदाचं तिला नेहमीच वाटतं. आधार कार्डाची झेरॉक्स शोधताना मी प्लॅस्टिकची पिशवी उपसली, तेव्हा सोबत भावाचे कागदही बाहेर आले. पीककर्जासाठी त्यानं परवाच काढलेला सातबारा वर होता. नजर गेलीच. वर भावाचं नाव, मायचं नाव. आणि त्याखाली माझं आणि बहिणीचं, दोघींच्या नावावरून एकेक आडवी रेघ गेलेली. बारीक, सरळ, कॉम्प्युटरनं ओढलेली.

रेघेखालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. गेल्या दिवाळीनंतर रजिस्ट्री कचेरीत जाऊन आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोड लिहून दिली, स्वखुशीनं, कुणी हात धरला नाही. कॅमेऱ्याकडं बघून फोटो दिला, मशीनवर अंगठा ठेवला, बाहेर येऊन भावानं आणलेला गरम जिलेबीचा पुडा तिथंच गाडीच्या बॉनेटवर सोडून खाल्ला. भावजयीनं दोघींना साड्या घेतल्या. माझी मोरपंखी, चांगली आहे, मी नेसते. कायदा मला शिकवायची गरज नाही; १९९४ला महाराष्ट्रानं मुलींना हक्क दिला, २००५ला सगळ्या देशात तो आला, २०२०ला सुप्रीम कोर्टानं उरलेली शंकाही काढून टाकली. वर्गातल्या पोरींना मी हे सांगते. आणि तरी सही केली. का केली याची उत्तरं माझ्याकडं तीन-चार आहेत आणि ती दिवसागणिक बदलतात. भावानं मायला सांभाळलंय, हे एक. पाच एकरांत काय वाटे करणार, हे दुसरं. तिसरं मी सहसा स्वतःलाही सांगत नाही. माहेरचं दार. ते उघडं राहावं म्हणून बायका जमीन सोडतात, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं तो हुशार असला पाहिजे. पूर्वी तलाठी अशा नावाला कंस करायचा. "कंस मारला" असंच म्हणायचे. नव्या सातबाऱ्यात कंस गेला आणि आडवी रेघ आली. कंसात माणूस निदान घरात बसल्यासारखा वाटायचा.

त्या रात्री झोप लागेना. लाईट नव्हती, माय अंगणात बाजेवर, मी ओसरीत. मोबाइलच्या उजेडात मी तो शब्द शोधायला लागले. सुरुवात कॅन्सरपासूनच केली, कारण मायच्या कानांवर माझा थोडा विश्वास आहे. तिला जिथं दोन गोष्टी एक वाटतात तिथं बहुतेक वेळा काहीतरी असतं. इथं गंमत निघाली. लॅटिनमधे एक 'कान्सेर' म्हणजे खेकडा. आपला कर्करोगही खेकड्याचाच, कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसतात, हे जुन्या ग्रीक वैद्यांचं निरीक्षण. पण लॅटिनमधे अगदी तसाच दिसणारा दुसरा 'कान्सेर' आहे आणि त्याचा खेकड्याशी संबंध नाही. तो म्हणजे गज, आडवे-उभे गज, जाळी. तो 'कार्सेर' या शब्दाचा उच्चार बदलून झालेला, आणि कार्सेर म्हणजे तुरुंग. या दुसऱ्याचं लाडिक, छोटं रूप 'कान्सेली', म्हणजे लहान गजांची जाळी, कठडा. त्यावरून क्रियापद 'कान्सेलारे'. जाळीसारखं करणं.

कॅन्सल म्हणजे जाळी करणं. रद्द करणं नंतर आलं.

जुने लेखनिक कातड्यावर लिहीत. शाई कातड्यात मुरायची, पुसून निघायची नाही. काढायचीच तर चाकूनं खरवडावी लागे, आणि खरवडलं की कातडं पातळ होणार. म्हणून एखादा करार संपला, कर्ज फिटलं, की लिखाणावर तिरप्या रेघा ओढायच्या, मग त्यांच्यावर उलट्या दिशेनं पुन्हा तिरप्या. लिखाण जाळीच्या आड जायचं. वाचता यायचं, पण त्याचं चालायचं नाही. फ्रेंचांच्या तोंडून हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत पोचलं आणि तिथून पुढं सगळ्या जगात गेलं, आमच्या बसस्टँडपर्यंत.

मी मोबाइल बाजूला ठेवला, कारण मला अण्णांची वही दिसायला लागली होती. लांबट, लाल कापडी पाठीची, दुमडून बंडीच्या खिशात घालता येणारी. तिच्यात सगळी देणी लिहिलेली असायची. खताच्या पोत्यांचे इतके, बियाण्याच्या पिशव्यांचे इतके, अमक्याकडून हातउसने इतके, तिथीसकट. देणं फिटलं की अण्णा ती नोंद एका रेघेनं कधी खोडायचे नाहीत. जेवण झाल्यावर कंदील जवळ ओढायचे, चष्मा कपड्याला पुसायचे, आणि त्या नोंदीवर आधी पाच-सहा रेघा एका बाजूनं, मग पाच-सहा दुसऱ्या बाजूनं. कुंपणाच्या तारेसारखी जाळी. पेनचा करकर आवाज यायचा. मग वही मिटून म्हणायचे, "जाळी मारली एकदाची." घरात त्या रात्री जरा मोकळं वाटायचं, माय चुलीवर अर्ध्या दुधाचा चहा ठेवायची. चौथी शिकलेल्या माझ्या बापाला लॅटिन कुठून येणार? पण फिटलेलं देणं पुसायचं नसतं, ते दिसलं पाहिजे आणि त्यानं पुन्हा तोंड उघडता कामा नये, हे ज्याला ज्याला हिशेब ठेवावा लागला त्याला कळलं असणार, मग तो रोममधला असो नाहीतर मांजरेच्या काठचा.

त्या वहीत एक नोंद माझी आहे. 'तायडी बीएड फी ४५००', आणि पुढं ज्याच्याकडून घेतले त्याचं नाव. तिच्यावर जाळी मारायला अण्णांना दोन सुग्या लागल्या. रेघांच्या शाईचा रंगही वेगळा आहे. नोंद निळी, जाळी काळी. हक्कसोडीवर सही करताना माझ्या डोळ्यापुढं ती जाळी होती, हे मी भावाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माझ्याही दहावीच्या क्लासचे पैसे त्याच वहीत आहेत की. आहेतच.

शाळेत गणिताच्या सरांनी अपूर्णांक शिकवले तेव्हा मी पहिल्यांदा हा शब्द ऐकला असेन. "वरचे सहा, खालचे बारा, कॅन्सल करा." आम्ही त्याला काटाकाटी म्हणायचो. काटाकाटी करताना वही इतकी भरायची की शेवटचं उत्तर कोपऱ्यात कुठंतरी बारीक अक्षरात अंग चोरून बसलेलं असायचं. त्याच्या आसपास कॅन्सलचा दुसरा अर्थही कळला, यष्टीचा. संध्याकाळची मुक्कामी गाडी आली नाही की पारावरचा कुणीतरी म्हणायचा, "आज क्यान्सल." मग फाट्यावर उतरून जी माणसं पायी येतील त्यांच्यात आपलं कुणी आहे का, हे बघायला बायका वेशीपर्यंत जायच्या. अंधारात आधी बॅटरी दिसायची, मग आवाज ओळखू यायचा. या कॅन्सलमधे जाळी कुठंच नव्हती. एक नसलेली गाडी होती आणि डिझेलचा न आलेला वास. शब्द प्रवासात असा रिकामा होत जातो. लग्न कॅन्सल, पाऊस आला म्हणून कीर्तन कॅन्सल, आणि आता माणसंसुद्धा कॅन्सल करतात म्हणे.

आजोबा कॅन्सल म्हणायचे नाहीत. त्यांच्या तोंडी 'मन्सूख' होतं. निजामाच्या राजवटीत कचेरीची भाषा उर्दू, आणि १७ सप्टेंबर १९४८नंतर निजाम गेला तरी त्याचे शब्द आमच्या सातबाऱ्यांत आणि म्हाताऱ्यांच्या जिभेवर राहिले. अर्ज खारीज, हुकूम मन्सूख, बोली रद्द. रद्दही मूळचा अरबीच, माघारी लावणं, नाकारणं. त्याचीच रद्दी. म्हणजे आपण ज्याला रद्द म्हणतो ते कागदासकट दारावरून माघारी जातं, किलोच्या भावानं. कॅन्सल केलेलं मात्र फायलीत राहतं. मराठीतलं 'खोडणं' मला या दोघांच्या मधे कुठंतरी वाटतं. आता व्युत्पत्ती मी सांगणार नाही, पण आमच्याकडं उसाचं पीक तोडल्यावर जमिनीत जी खोडकी राहतात त्यांच्यापासून जे दुसरं पीक येतं त्याला खोडवा म्हणतात. लागवडीचा खर्च नाही, बेणं नाही. भाऊ दर वर्षी खोडवा राखतो आणि दर वर्षी म्हणतो, औंदा शेवटचा.

जाळीची गोष्ट इथं संपत नाही. रोमन न्यायसभेत न्यायाधीश आणि गर्दी यांच्या मधे एक जाळीचा कठडा असायचा, आणि त्या जाळीपाशी एक माणूस उभा राहायचा. कुणाला आत सोडायचं, कुणाचा कागद आत न्यायचा, हे बघणारा. शिपाईच म्हणायचा. त्याला म्हणायचे 'कान्सेलारियस', जाळीवाला. हळूहळू जाळीवाल्याच्या हातात लेखणी आली, मग दप्तर आलं, मग राजाचा शिक्का आला. इंग्लंडात त्याचा लॉर्ड चान्सेलर झाला, जर्मनीत तो देशाचा कारभार बघतो, आणि आपल्याकडं तो विद्यापीठात पोचला. माझ्या बीएडच्या पदवीवर व्हाइस चान्सेलरांची, म्हणजे कुलगुरूंची सही आहे. काकांच्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. २३ ऑगस्ट १९५८ला सुरू झालं तेव्हाचं नाव. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, आणि माझ्या कागदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं. दोन्ही कागद एका भिंतीवर शेजारीशेजारी लावलेत. मधल्या वर्षांत काय काय झालं हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुलगुरूंचा पूर्वज कठड्यापाशी उभा राहून "आत साहेब बिझी आहेत" म्हणणारा शिपाई होता, आणि विम्याच्या खिडकीत गजांपलीकडं बसून माझा चेक परत सरकवणारा तो पोरगा खऱ्या अर्थानं चान्सेलर होता. गजही होते. उभे, हिरव्या ऑइलपेंटचे, हात घालून घालून रंग उडालेले.

शहरात राहून मी दर हिवाळ्यात पोरांची सहल बीबी का मकबऱ्याला नेते. आत गेलं की वरून खाली वाकून बघावं लागतं. खाली औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची कबर, आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी पडदा. लोकांनी वरून टाकलेल्या नाण्या-नोटांचा कचरा तिथं कायम. दगड कापून नक्षी उरवलेली, इतकी नाजूक की पोरं विचारतात, "मॅडम, ही ओतलीय का?" मी सांगते की मुलानं आईसाठी बांधलं असं म्हणतात, त्याचं नाव आझम शाह. पोरं मोबाइल काढतात. मागच्या वर्षी सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "जाळी कशाला? भिंत का नाही बांधली?" मी म्हटलं, हवा खेळायला. ती म्हणाली, "पण खाली तर कुणी जिवंत नाही." मी सगळ्यांना बाहेर चला, ऊन चढलंय असं म्हणाले. आता रात्री ओसरीत पडल्या पडल्या तिला द्यायचं उत्तर सुचत होतं आणि ते देण्यासारखं आहे की नाही हे कळत नव्हतं.

आमच्या पोरांना आता कॅन्सलपेक्षा डिलीट जास्त जवळचं. "डिलीट मार ना" हे मराठीच झालंय. तोही शब्द लॅटिनच, 'देलेरे', आणि त्याचा स्वभाव एकदम उलटा. पुसून टाकणं, नामोनिशाण ठेवायचं नाही असं. रोममधे केटो नावाचा म्हातारा पुढारी कुठलाही विषय असो, भाषणाच्या शेवटी कार्थेज शहर नष्ट केलंच पाहिजे म्हणायचा म्हणतात, आणि त्याच्या त्या वाक्यात हेच क्रियापद आहे. इसवी सनापूर्वी १४६ साली रोमनांनी कार्थेज खरंच डिलीट केलं. अण्णांचा नंबर मी मोबाइलमधून डिलीट केलेला नाही. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाला मिळालाय, त्याच्या डीपीवर ट्रॅक्टरशेजारी उभा एक तरुण पोरगा दिसतो. तरी राहू दिलाय.

अजून एक ठिकाणी हा शब्द भेटला, आणि ते ठिकाण मायच्या हातात होतं. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, हातावर पडली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून दाखवला. "हे बघा, हाडाच्या टोकाला आत जाळी असते. वयानं ती विरळ होते." मी तेव्हा जाळी या शब्दाकडं लक्ष दिलं नाही, प्लॅस्टर किती दिवस ठेवायचं तेवढंच विचारलं. आता शब्दकोशात दिसलं की हाडातल्या त्या जाळीदार भागाला इंग्रजीत कॅन्सेलस म्हणतात. तोच शब्द, तीच जाळी. तिच्यामुळं हाड हलकं राहतं आणि भारही पेलतं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं तेव्हा मायचा हात वाळलेल्या काडीसारखा झाला होता, आणि ती पहिल्यांदा काय म्हणाली, तर "भाकरी थापता येईल का?" आता येते. जरा वाकडी येते, एका बाजूला जाड.

सकाळी माय चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, कॅन्सर आणि कॅन्सल, दोन्ही वेगळे निघाले, तुझ्या कानांचं चुकलं. ती म्हणाली, "मला सांगू नको, दोन्हीकडून माणसाला कागदच भरावे लागतात." मग तिला अण्णांच्या जाळीची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती का नव्हती कुणास ठाऊक, हात सुपात, शेंगदाण्यातले खडे काढत होती. मधेच म्हणाली, "ते लई कागद जपायचे. मी चुलीत घालायला काढले की वराडायचे." सातबाऱ्याचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला, खडा बाजूला टाकता टाकता. "तुझं नाव दिसतं म्हणं अजून त्याच्यावर. भाऊ म्हणत होता, पुढं जाईल ते." मी विचारलं, कुठं जाईल? "मला काय म्हाईत, बाई. नवा कागद निघाला की जाईल." आणि थोडं थांबून, "जाऊ दे. तू आलीस की घर आपलंच हाय की." मी हो म्हटलं. मोरपंखी साडी दोरीवर वाळत होती, तिच्याकडं बघत मी हो म्हटलं.

दुपारी निघायच्या आधी पर्स आवरताना तो पहिला चेक हाताला लागला, एका एलचा, खाडाखोडीचा. मी फाडायला गेले तर मायनं काढून घेतला. मांडीवर ठेवला, मोडलेल्या हाताच्या तळव्यानं सुरकुत्या सारख्या केल्या, डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी तिला येत नाही, पण खोडलेलं काय आणि न खोडलेलं काय हे येतं.

"ह्या दोन रेघांनी चेक कॅन्सल केलास."

"हो."

"अन् मग त्याच्यावर कॅन्सल लिव्हलंस, अन् ते बी खोडलंस."

"हो, चुकलं होतं ते."

"म्हंजी कॅन्सलचा बी कॅन्सल झाला." तिनं चेक माझ्यापुढं धरला. "मग आता हा चालतो का? सांग की, इंग्रजीची मास्तरीण हायेस."

भाऊ दारातून ओरडला, लाईट आली, मी मोटर टाकून येतो, तवर निघू नको. माय चेक तसाच धरून बसली होती.